दोन पाळ्यांचे गोदाम आणि बॅटरीची फोर्कलिफ्ट

जुनी फोर्कलिफ्ट विकायला निघाली की घेणारा ती किती किलोमीटर धावली हे विचारत नाही, किती तास चालली हे विचारतो. ऑपरेटरच्या समोर एक छोटा अवर मीटर असतो आणि गाडीचे सगळे आयुष्य त्याच्यावर मोजले जाते. एका पाळीच्या गोदामात हा आकडा वर्षाला साधारण 2,000 ने वाढतो, दोन पाळ्यांच्या गोदामात 4,000 ते 4,500 ने. दिवाळीच्या आधी तिसरी पाळी लागली की 5,000 चा टप्पाही दूर राहत नाही. वर्षाचे सगळे तास मोजले तरी ते 8,760 भरतात. म्हणजे अशी गाडी निम्मे वर्ष कामावरच असते.

इतके तास विजेच्या फोर्कलिफ्टला झेपतील का? ठाणे जिल्ह्यातल्या गोदामवाल्यांकडे याचे उत्तर बराच काळ ठरलेले होते. एक पाळी असेल तर बॅटरी घ्या, त्याहून जास्त काम असेल तर डिझेल घ्या. हे उत्तर त्या काळच्या बॅटरीला धरून बरोबरच होते. आता बॅटरी बदलली आहे आणि हिशेबही उलटला आहे. गाडी जितके जास्त तास चालणार, तितकी ती विजेवर असणे फायद्याचे. मात्र हा फायदा आपोआप हातात पडत नाही. शेडचा नकाशा काढतानाच चार्जर कुठे बसणार, वीज किती लागणार, पाण्याची पातळी कुठवर येते, हे ठरवावे लागते. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हे ठरवण्याची वेळ नेमकी आत्ताची आहे.

या पट्ट्याची ओळख गोदामांची नाही, कारखान्यांची आहे. अंबरनाथला 1920 च्या दशकापासून विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता, पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मग मोरिवली, आनंदनगर, बदलापूरच्या बाजूला माणकिवली आणि खरवई अशा एमआयडीसी उभ्या राहिल्या. रसायने, औषधे, इंजिनिअरिंगचा माल. गोदामे मात्र भिवंडीला गेली आणि त्यामागे पक्के आर्थिक कारण होते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दारात माल ठेवायचा, तर माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे या गावांसारखी जागा नव्हती. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली, तरी भिवंडी ओस पडली नाही, उलट वाढली. आता प्रत्येक राज्यात छोटे गोदाम ठेवायची गरज उरली नाही, त्यामुळे कंपन्या एकाच ठिकाणी मोठे गोदाम घेऊ लागल्या. ॲमेझॉनने 2013 मध्ये भारतात दुकान उघडले, तेव्हा पहिले गोदाम भिवंडीतच घेतले होते.

आता रस्ता पुढे सरकतो आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा शेवटचा भाग तलासरीकडून भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतून पनवेलकडे, म्हणजे न्हावाशेवा बंदराच्या दिशेने उतरतो. बदलापूरजवळच्या बेंडशीळपासून पनवेलच्या मोर्ब्यापर्यंत माथेरानच्या डोंगराखालून 4 किलोमीटरहून थोडा लांब जुळा बोगदा त्यासाठी काढला आहे. बदलापूर आणि वांगणीच्या मधले चामटोली गाव या रस्त्याच्या पट्ट्यापासून लांब नाही. मोठा रस्ता आला की त्याच्या कडेला शेड उभ्या राहतात, हे भिवंडीकरांना कोणी सांगायला नको. आणि इथे उभ्या राहणाऱ्या शेडमध्ये सकाळी कंटेनर लागेल, रात्री छोटे टेम्पो भरून निघतील. एका पाळीत ते काम मावणार नाही.

विजेची गाडी नवीन आणि इंजिनाची जुनी, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. इतिहास उलटा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेने 1906 मध्ये अल्टूना स्थानकात प्रवाशांचे सामान हलवायला बॅटरीवर चालणाऱ्या सपाट गाड्या आणल्या. क्लार्क कंपनीचा पेट्रोलवरचा 'ट्रक्ट्रॅक्टर', ज्याच्यापासून आजच्या फोर्कलिफ्टची वंशावळ सांगतात, तो 1917 चा. दुसऱ्या महायुद्धात लाकडी पॅलेट सर्रास वापरात आले आणि काट्यांच्या गाडीला खरे काम मिळाले. आपल्याकडे विक्रोळीच्या गोदरेजने 1960 च्या दशकात फोर्कलिफ्ट बनवायला घेतल्या, तर मुंबईच्या 1907 सालच्या जॉस्ट्स इंजिनिअरिंगने बॅटरीवरच्या गाड्यांत नाव कमावले. व्होल्टासचा या यंत्रांचा व्यवसाय पुढे जर्मन कियॉन गटाकडे गेला आणि पुण्यातून चालू राहिला. म्हणजे महाराष्ट्राला ही गाडी बाहेर जाऊन बघायची गरज कधीच नव्हती. अडले ते बॅटरीपाशी.

जुनी बॅटरी म्हणजे शिसे आणि ॲसिडची. ती गाडीत कशी बसते हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. सीट उचलली की खाली लोखंडी पेटी दिसते. तिच्यात 2 व्होल्टचे सेल ओळीने बसवलेले असतात, 48 व्होल्टच्या संचात 24 आणि 80 व्होल्टच्या संचात 40. प्रत्येक सेलवर झाकण. पेटीचे वजन टनाच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हे वजन वाया जात नाही. पुढे काट्यांवर अडीच टन माल उचलला की गाडी पुढे कलंडू नये म्हणून मागे वजन लागतेच, आणि त्यातला मोठा वाटा बॅटरी उचलते.

ही बॅटरी आठ-आठ-आठच्या गणितावर चालते. 8 तास काम, 8 तास चार्जिंग, 8 तास थंड व्हायला. पूर्ण भरलेल्या बॅटरीतून 80 टक्क्यांपर्यंतच वापरायचे, त्याहून जास्त रिकामी केली की आयुष्य घटते. अर्धवट चार्ज करून काढायची नाही, नाहीतर पत्र्यांवर सल्फेट धरते. सांभाळली तर साधारण 1,500 वेळा भरते आणि रिकामी होते. रोज एकदा या मानाने जवळजवळ पाच वर्षे. एका पाळीला हे गणित छान बसते. दुसरी पाळी लावायची तर दुसरी बॅटरी घ्यावी लागते, तिसरीला तिसरी. मग बॅटरी बदलायची खोली, चेनपुली किंवा रोलरचा स्टँड, हातमोजे, चष्मा, डोळे धुवायचा नळ, सांडलेल्या ॲसिडसाठी सोडा. टनभर वजनाची पेटी गाडीतून सरकवून काढायची आणि दुसरी बसवायची, तेही रात्री 11 च्या पाळीबदलात, जेव्हा दोन ट्रक डॉकवर उभे असतात.

शिवाय पाणी. सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचे, आधी नाही. आधी भरले तर चार्जिंगच्या उष्णतेने ॲसिड फुगते आणि झाकणातून बाहेर येते. चार्ज होताना शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. म्हणून त्या खोलीला वरच्या बाजूने हवा खेळती लागते. आठवड्यातून एकदा सगळे सेल सारख्या पातळीवर आणणारे लांब चार्जिंग द्यावे लागते. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी रविवारी नसून शुक्रवारी असते. ते चार्जिंग शुक्रवारीच बसवावे लागते. सुट्टीच्या दिवशी त्यासाठी माणूस ठेवला नाही, की दोन वर्षांत बॅटरी दुपारी 3 लाच मान टाकते. 'बॅटरीची गाडी टिकत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथे जन्माला येते.

लिथियमच्या बॅटरीने हे वेळापत्रक मोडले. फोर्कलिफ्टमध्ये आता सर्रास वापरला जाणारा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेटचा. त्यात पाणी घालायचे नाही, चार्ज होताना वायू सुटत नाही, थंड व्हायला 8 तास थांबायचे नाही. 3,000 आणि त्याहून जास्त वेळा ती भरते. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ 95 टक्के ती परत देते, तर शिसे-ॲसिडच्या बॅटरीत 15 ते 25 टक्के वीज उष्णता होऊन जाते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिला अर्धवट चार्जिंगचे वावडे नाही. चहाच्या सुट्टीत लावा, जेवणाच्या सुट्टीत लावा, डॉकवर ट्रक यायला उशीर झाला तर तेवढ्या वेळात लावा.

हे कागदावर करून पाहू. 80 व्होल्ट, 400 ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे 32 युनिट. तिच्यातले 25 युनिट रोजच्या वापराला धरले. अडीच टनांची गाडी जोरात काम करताना तासाला सुमारे 6 युनिट खाते. म्हणजे एका दमात ती 4 तासांच्या थोडी वर चालेल. आठ तासांच्या पाळीत गाडी प्रत्यक्ष हलते आणि उचलते ती साडेपाच-सहा तास, बाकी वेळ कागद, वाट पाहणे, सुट्टी. लागतील 33 ते 36 युनिट. आता 80 व्होल्ट, 200 ॲम्पिअरचा चार्जर घ्या. तो तासाला 16 युनिट भरतो. 15-15 मिनिटांच्या दोन चहाच्या सुट्ट्या आणि अर्ध्या तासाचे जेवण, एवढ्यात 16 युनिट आत गेले. 25 आणि 16 मिळून 41. पाळी निघाली, थोडी उरलीही. दुसऱ्या पाळीच्या आधी अर्धा-पाऊण तास मिळाला तर तीही निघते, पण तो वेळ आणि सुट्ट्यांचे चार्जिंग कोणीतरी पाळले पाहिजे.

अडचण इथेच येते. सुट्टी झाली की ऑपरेटर गाडी जिथे असेल तिथे सोडून चहाला जातो. चार्जर गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरजवळ असेल, तर तिथवर गाडी नेऊन परत यायला त्याची निम्मी सुट्टी जाते. तो नेत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. म्हणून चार्जर जेवणघराच्या वाटेवर आणि डॉकच्या जवळ हवेत, एका खोलीत कोंबलेले नकोत. शिसे-ॲसिडच्या जमान्यात वेगळी बंद खोली लागायची, आता ती सवय नकाशातून काढावी लागेल. ज्या गोदामात प्लग लावणे हे पाळीच्या कामाचा भाग म्हणून लिहून ठेवलेले असते, तिथे लिथियमची गाडी दोन पाळ्या करते. जिथे ते ऑपरेटरच्या मर्जीवर सोडलेले असते, तिथे रात्री 9 ला गाडी बंद पडते आणि दुसऱ्या दिवशी डिझेलची भाड्याने येते.

पैशाचा हिशेब तासांनुसार कसा फिरतो ते पाहण्यासारखे आहे. डिझेलची अडीच टनांची गाडी जोराच्या कामात तासाला अडीच लिटर घेते असे धरा, लिटर 90 रुपयांना. तासाचे 225 रुपये. विजेच्या गाडीसाठी चार्जरचे नुकसान धरून तासाला 7 युनिट, युनिट 10 रुपयांना. तासाचे 70. फरक 155 रुपये. वर्षाला 2,000 तास चालणाऱ्या गाडीत हा फरक 3 लाख 10 हजार होतो. 4,500 तास चालणाऱ्या गाडीत तो 7 लाखांच्या आसपास जातो. लिथियमची गाडी घ्यायला डिझेलपेक्षा महाग पडते, हे खरे. पण समजा जास्तीचे 8 लाख मोजले, तर एका पाळीच्या मालकाला ते फिटायला अडीच वर्षांहून थोडे जास्त लागतील, दोन पाळ्यांच्या मालकाला सव्वा वर्षाच्या आत. जास्त तासांसाठी डिझेल, ही जुनी समजूत इथे पडते.

देखभालीतही तासच मोजायचे. डिझेल इंजिनाचे तेल आणि फिल्टर साधारण 250 तासांनी बदलतात. 4,500 तासांच्या वर्षात ही वेळ 18 वेळा येते. विजेच्या गाडीची तपासणी सहसा 500 तासांनी ठेवतात. आजच्या एसी मोटरमध्ये कार्बन ब्रश नसतात, ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परतही जाते आणि ब्रेकचे लायनर जास्त टिकतात. पण म्हणून विजेची गाडी घेतली की मिस्त्रीला सुट्टी, असे समजू नये. मास्टची, म्हणजे काटे वर नेणाऱ्या खांबाची साखळी, हायड्रॉलिकच्या नळ्या, चाके आणि काटे दोन्ही गाड्यांत सारखेच झिजतात. काट्याचा टाचेकडचा भाग मूळ जाडीच्या 10 टक्के झिजला की तो काटा बदलायचा असतो, कारण तेवढ्या झिजेने त्याची ताकद सुमारे 20 टक्के उतरते. साखळी 3 टक्के लांबली की तिचीही वेळ झाली. दोन पाळ्यांच्या गोदामात या गोष्टी मालकाच्या अपेक्षेपेक्षा निम्म्या महिन्यांत येतात. मोटर आवाज करत नाही, धूर सोडत नाही, आणि म्हणूनच थकलेली विजेची गाडी डिझेलसारखी खोकून सांगत नाही. ती मोजपट्टी लावूनच पाहावी लागते.

बदलापूरचा उन्हाळा हा वेगळा विषय आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा 40 च्या वर जातो आणि मुंबईत समुद्राच्या वाऱ्याने जी सुटका होते ती डोंगराच्या या बाजूला मिळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी 2 ला आतले तापमान बाहेरपेक्षा चढलेले असते. शिसे-ॲसिडच्या बॅटरीसाठी जुना ठोकताळा असा, की सतत 10 अंश जास्त गरम राहिली तर आयुष्य निम्म्यावर येते. लिथियमची बॅटरी स्वतःच्या नियंत्रण यंत्रणेकरवी तापमान मोजते आणि सेल फार तापले तर चार्जिंगचा वेग कमी करते. म्हणजे मे महिन्यात जेवणाच्या सुट्टीत 8 युनिट मिळतील हा हिशेब चुकू शकतो. चार्जरची जागा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लागून न ठेवणे, छताला उष्णतारोधक थर देणे, वर हवा काढणारे पंखे बसवणे, यांचा संबंध माणसांच्या आरामाइतकाच बॅटरीच्या आयुष्याशीही आहे.

आणि पाऊस. चामटोलीचे नाव सगळ्या महाराष्ट्राने ऐकले ते जुलै 2019 मध्ये. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस 26 जुलैच्या रात्री बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक लोकांनी मिळून हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढले. उल्हास नदी तिथे रुळांवर आली होती. या भागात शेड बांधणाऱ्याने पाण्यात उभ्या त्या गाडीचा फोटो समोर ठेवून जोत्याची उंची ठरवावी. डिझेलच्या गाडीत पाणी शिरले तर इंजिन खोलून परत लावता येते. 80 व्होल्टची लिथियमची बॅटरी पाण्यात गेली तर ती पुन्हा चार्जरला लावण्याचा विचारही करू नये, ती बाजूला उघड्यावर ठेवून कंपनीच्या माणसालाच बोलवावे. फोर्कलिफ्टची बॅटरी जमिनीपासून हातभर उंचीवरच असते. म्हणून चार्जर आणि त्यांचे स्विच भिंतीवर वर, आणि पुराचा इशारा आला की गाड्या चढवून ठेवायला एखादी उंच जागा, रॅम्पसह. त्यासाठी लागणारा खर्च शेडच्या एकूण खर्चात नगण्य आहे, शेड झाल्यावर मात्र तो करता येत नाही.

रोजच्या पावसाचा प्रश्न छोटा, पण सततचा. बंद गोदामासाठी बनवलेली गाडी उघड्या यार्डात कंटेनर उतरवायला पाठवली, की पाणी जोडण्यांमध्ये जाते. बाहेर काम असेल तर पाण्यापासून संरक्षणाची पातळी विचारूनच गाडी घ्यावी. ओल्या रॅम्पवर कठीण चाके घसरतात, डॉकवर छप्पर पुढे काढलेले असेल तर निम्मी चिंता मिटते.

वीज किती लागेल, हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात आणि तो पहिला असायला हवा. 16 किलोवॅटचे 10 चार्जर जेवणाच्या एकाच अर्ध्या तासात लागले तर 160 किलोवॅटचा भार एकदम चढतो. महावितरणच्या बिलात उच्चदाब ग्राहकाला युनिटांखेरीज सर्वोच्च मागणीचेही पैसे भरावे लागतात. मंजूर भार कमी घेतलेला असेल तर दंड, जास्त घेतला असेल तर रिकाम्या क्षमतेचे भाडे. यावर उपाय आहे. सुट्ट्या 15-15 मिनिटांनी मागेपुढे करायच्या, किंवा चार्जर एकमेकांशी जोडून एकूण भार ठरावीक मर्यादेत ठेवणारी यंत्रणा बसवायची. वेळेनुसार दराचाही विचार हवा. पूर्वी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत विजेला सवलत असायची आणि रात्रभर चार्जिंग हे शहाणपण होते. 2025 पासून सवलतीचे तास दुपारच्या सौर विजेकडे सरकवण्याकडे आणि संध्याकाळची वीज महाग करण्याकडे धोरणाचा कल आहे. दुपारच्या सुट्टीत चार्ज होणाऱ्या लिथियमच्या गाडीला ते सोयीचे आहे. गोदामाच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसवलेली असतील तर आणखीच.

वीज गेली तर? 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई आणि ठाण्याचा मोठा भाग काही तास अंधारात गेला. अशा दिवशी विजेची गाडी लगेच थांबत नाही, आत जितके युनिट असतील तितका वेळ ती चालते. खरी अडचण वीज रोज थोडी थोडी जाते तिथे येते, कारण छोट्या सुट्ट्यांवर उभे असलेले वेळापत्रक एक सुट्टी हुकली की ढासळते. म्हणून बॅटरी खेटून न घेता एका सुट्टीचे चार्जिंग चुकले तरी पाळी निघेल इतकी मोठी घ्यावी. हे थोडे महाग पडते, पण इथल्या विजेचा अनुभव असलेला कोणीही तेच सुचवेल.

सगळीकडे विजेची गाडी चालेल असे नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ज्वलनशील द्रावकांचे ड्रम साठवणारी गोदामे आहेत. जिथे हवेत अशा वाफा असू शकतात, तिथे साधी विजेची फोर्कलिफ्ट साध्या डिझेलइतकीच धोक्याची. मोटर, स्विच, बॅटरीची जोडणी, सगळीकडे ठिणगीची शक्यता असते. अशा जागेसाठी ज्वालारोधक बांधणीची प्रमाणित गाडी लागते आणि ती साध्या गाडीच्या कितीतरी पट महाग असते. पैसे वाचवायला साधी गाडी आत नेणे हा जिवाशी खेळ आहे. उघड्या यार्डात, खडबडीत जमिनीवर, पाच टनांच्या वरचे लोखंड उचलायचे असेल तर डिझेलचा पर्याय अजूनही समंजस आहे. आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या अरुंद गाळ्यांत, जिथे जीन्सचे गठ्ठे आणि फर्निचर दोन माणसे उचलून लावतात, तिथे फोर्कलिफ्ट शिरणारच नाही. तिथे हातगाडीसारखा पॅलेट ट्रक किंवा मागे चालत चालवायचा बॅटरीचा स्टॅकर हेच खरे यंत्र.

बंद शेडमधल्या माणसांच्या दृष्टीने मात्र निवड सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. पावसाळ्यात शटर अर्धे खाली ओढलेल्या गोदामात दोन डिझेल फोर्कलिफ्ट आठ तास फिरत असतील, तर तो धूर रॅकमध्ये माल मोजणाऱ्या मुलाच्या आणि डॉकवर पावती फाडणाऱ्या कारकुनाच्या छातीत जातो. औषधे आणि खाद्यपदार्थांच्या गोदामांनी विजेची गाडी आधी स्वीकारली ती मालाला काजळी लागू नये म्हणून. माणसांसाठीही तितकीच घाई व्हायला हवी होती.

विजेच्या गाडीचा एक नवा धोकाही आहे. ती मागून आली तरी ऐकू येत नाही. म्हणून तिच्या पुढे-मागे जमिनीवर निळा ठिपका टाकणारा दिवा बसवतात, वळणावर आरसे लावतात आणि पायी चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी आखतात. दोन पाळ्यांच्या गोदामात रात्री 10 नंतर, डोळे जड झालेले असताना, हा दिवा कामाला येतो.

यंत्र आले की हमालांचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी टाळता येत नाही. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला मंडळ, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला. फोर्कलिफ्ट आली तरी वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे वाद संपलेले नाहीत, कारण पॅलेटवर नसलेला माल अजूनही हातानेच उतरतो आणि परदेशातून येणारे कितीतरी कंटेनर पॅलेटशिवाय ठासून भरलेले असतात. पन्नास किलोची गोणी पाठीवरून उतरली तर कोणाला वाईट वाटायचे कारण नाही. पण ती पाठ रिकामी झाल्यावर त्या माणसाला काम हवे. डिझेलच्या गाडीपेक्षा विजेची चालवायला सोपी असते. क्लच नाही, गिअर नाही, हादरे कमी, उष्णता कमी. हमालांच्या टोळीतल्या जाणत्या माणसाला, मालाचा तोल ज्याला नजरेने कळतो अशाला, काही आठवड्यांच्या नीट प्रशिक्षणात ऑपरेटर करता येते. नवख्या मुलाला गाडी चालवता आली तरी कुठली थप्पी ढासळेल हे कळायला वेळ लागतो.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि जास्त तासांच्या कामात भाड्याचा करार नीट वाचावा लागतो. महिन्याचे भाडे ठरावीक तासांपुरते असते, त्यावरच्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे. तास कुठले मोजायचे, किल्ली चालू असल्याचे की गाडी प्रत्यक्ष हलल्याचे, हे करारात लिहिलेले हवे, कारण दोन आकड्यांत महिन्याकाठी बराच फरक पडतो. बॅटरीची क्षमता उतरली तर ती कोणी बदलायची, चार्जर कोणाचा, मिस्त्री रात्रपाळीत किती वेळात येणार, हेही त्यात असावे. गाडी विकत घेतली तर बॅटरीच्या शेवटाचा विचार बिलाच्या दिवशीच करता येतो. शिसे-ॲसिडची जुनी बॅटरी भंगारात वजनावर चांगल्या किमतीला जाते. लिथियमच्या बॅटरीसाठी 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन योग्य ठिकाणी पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, म्हणून बॅटरी कोण परत नेणार आणि कशी, हे विक्रेत्याकडून बिलासोबत लेखी घ्यावे.